शिवणीतली माया उसवू नका

खेड, चिपळूण, दापोली आणि मंडणगड या तालुक्यांतील पुष्कळ घरांचा संसार परदेशातील कमाईवर उभा आहे. कोणी दुबई-कुवेतला, कोणी दक्षिण आफ्रिकेत, कोणी इंग्लंडात. या मंडळींपैकी काहींच्या दारात आता किमती एसयूव्ही गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यात वाईट काही नाही. ज्याने घाम गाळून कमावले, त्याने ते आपल्या आवडीने खर्चावे. आमचा विषय गाडी विकत घेण्याचा नाही, घेतल्यानंतरचा आहे.

गाडी घेऊन सहा महिने होत नाहीत तोच तिचे ‘ट्यूनिंग’ करून देतो असे सांगणारे कोणीतरी भेटते. इंजिनाची ताकद वाढवतो, सायलेन्सर बदलतो, आवाज असा काढतो की चार गावांत ऐकू जाईल. मुंबई-पुण्यात हा धंदा चांगलाच रुजला आहे. आमच्याकडच्या गॅरेजमधील मुलांनाही त्याची ओढ वाटते. एका गाडीच्या कामात महिनाभराची मजुरी सुटते असे ती ऐकतात.

या पानाचे वाचक दोन्ही बाजूंचे आहेत. गाडीचे मालक आहेत आणि गाडीखाली झोपून काम करणारे कारीगरही आहेत. म्हणून या धंद्यात खरोखर काय विकले जाते आणि त्याची किंमत कोण भरतो, हे एकदा नीट पाहणे जरूरीचे आहे.

ही गाडी आहे तरी काय?

या किमती गाड्यांपैकी बऱ्याच ‘माईल्ड हायब्रिड’ आहेत. हायब्रिड म्हटले की ही गाडी विजेवर चालते असा पुष्कळांचा समज होतो. तसे नाही. गाडी चालते ती पेट्रोल किंवा डिझेलवरच. तिच्यात ४८ व्होल्टची एक छोटी यंत्रणा असते. त्यातील मोटर स्टार्टरचे आणि डायनामोचे अशी दोन्ही कामे करते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि गाडी उचलताना इंजिनाला थोडा हातभार लावते. याच तत्त्वाची स्वस्त आवृत्ती मारुतीने २०१५ साली सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांत आणली होती. म्हणजे आमच्या मिस्त्री लोकांना ही कल्पना अगदीच परकी नाही.

मोठे उदाहरण रेंज रोव्हरचे घ्या. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्यांची जुळणी पुण्यात सुरू करण्याचे जाहीर झाले. तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे २ कोटी ३६ लाख आणि १ कोटी ४० लाख रुपयांपासून सुरू होत होत्या. तिचे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन सुमारे ४०० अश्वशक्तीचे आहे. त्याला एक टर्बो आहे. टर्बो फिरेपर्यंतची उणीव भरून काढायला विजेवर फिरणारा एक छोटा सुपरचार्जर आहे आणि वर ही माईल्ड हायब्रिडची मोटर आहे. या सर्वांचा हिशेब गाडीतील संगणक दर क्षणाला मांडतो.

अशा गाड्यांतील ४८ व्होल्टची बॅटरी फार मोठी नसते. आपल्या वीजबिलावर ज्याला एक युनिट म्हणतात, तेवढी किंवा त्याहूनही कमी वीज तिच्यात मावते. मोटरने १५ किलोवॉटची मदत सतत दिली तर एक युनिट चार मिनिटांत संपते. ही मदत चिमूटभर मिठासारखी आहे. थोडी असते, योग्य वेळी असते, म्हणूनच उपयोगी पडते.

ट्यूनिंगवाला काय करतो?

पूर्वी ट्यूनिंग म्हणजे कार्ब्युरेटर साफ करणे, प्लगचा गॅप लावणे, टायमिंग जुळवणे. आता तसे राहिले नाही. टर्बोने किती हवा कोंबायची, किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, हे सर्व संगणकात लिहिलेले असते. ट्यूनिंगवाला ते लिखाण बदलतो. याला ‘रिमॅप’ म्हणतात. टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद यातून साधारण १५ ते २५ टक्क्यांनी वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र नाममात्र फरक पडतो. म्हणजे ४०० च्या जागी ४६० ते ५०० अश्वशक्ती. आकडा खोटा नाही. प्रश्न असा की ही जादा ताकद आली कोठून?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमच्याकडे याला सरळ शब्द आहे. चांगला शिंपी शिवणीत ‘माया’ ठेवतो. अंगरखा बाहेरून बरोबर मापाचा दिसतो, पण आत दोन बोटे कापड दुमडलेले असते. माणूस जाड झाला, कापड आटले, शिवण ताणली गेली, तर ती माया कामी येते. कारखानदार इंजिनातही अशीच माया ठेवतो. कुठे खराब पेट्रोल मिळेल, कुठे ४५ अंशांचा उन्हाळा असेल, कोणी वेळेवर ऑईल बदलणार नाही, कोणी घाटात वजन ओढेल. या सर्वांसाठी पिस्टन, टर्बो, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांच्या सोसण्याच्या हद्दीपेक्षा काम थोडे कमी घेतले जाते. ट्यूनिंगवाला नवे कापड आणत नाही. तो शिवण उसवतो आणि आतली माया बाहेर काढून तुम्हालाच विकतो. तिचे पैसे तुम्ही गाडी घेताना आधीच मोजलेले असतात.

माईल्ड हायब्रिड गाडीत आणखी एक अडचण आहे. इंजिनाचा जोर आणि मोटरचा जोर एकाच गिअरबॉक्समधून चाकांकडे जातो. दोघांचा मिळून जोर किती असावा, याचा हिशेब तीन-चार संगणक आपसात बोलून करतात. त्यातील एकाचेच लिखाण बदलले आणि बाकीच्यांना खबर नसली, तर हिशेब चुकतो. मग गिअर बदलताना धक्के बसतात, इशाऱ्याचे दिवे लागतात किंवा गाडी स्वतःच आपली ताकद कमी करून घेते. हे काम नीट करणारे जाणकार आहेत. पण लॅपटॉप उघडून कुठूनतरी आणलेली फाईल वीस मिनिटांत चढवणारे त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

दुबईची फाईल, खेडचे पेट्रोल

हा मुद्दा आमच्या आखाती बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावा. दुबईत पंपावर ९८, ९५ आणि ९१ अशा तीन ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची दाब सोसण्याची शक्ती. टर्बोने जास्त हवा कोंबली की दाब आणि उष्णता वाढते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल अशा वेळी अवेळीच पेटते आणि इंजिनात टकटक सुरू होते. त्याला नॉकिंग म्हणतात. ते फार वेळ चालले तर पिस्टनला भोक पडू शकते.

तिकडची जोरदार फाईल बहुधा ९८ ऑक्टेनवर बेतलेली असते. आपल्याकडे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आले, पण ते मुंबई-पुण्यासारख्या निवडक शहरांत. महामार्गावरच्या पंपावर आपल्याला मिळते ते आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले साधे पेट्रोल. इथेनॉल दाब चांगला सोसते हे खरे. परंतु एका लिटरमागे त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते आणि जळताना हवा-इंधनाचे प्रमाण वेगळे लागते. म्हणजे तिकडच्या पेट्रोलसाठी लिहिलेली फाईल इकडच्या टाकीला लागू पडेलच असे नाही. गाडीतील सेन्सर नॉकिंग ओळखून ठिणगी मागे घेतो आणि इंजिन वाचवतो. पण मग विकत घेतलेली ताकदही मागे जाते. पैसे दिले दुबईच्या मापाने, माल मिळाला खेडच्या मापाने.

घाटाला किती लागते?

‘आपल्याकडे घाट आहेत, ताकद लागतेच,’ असे सांगितले जाते. त्याचाही हिशेब करू. समजा माणसे आणि सामान धरून गाडी २७०० किलोची आहे. रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढतो आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे. वजन वर उचलण्यास, टायरच्या घर्षणास आणि हवेच्या विरोधास मिळून चाकांवर सुमारे ५० अश्वशक्ती पुरते. चढ दुप्पट तीव्र धरला तरी ९० च्या आत भागते. तुमच्या इंजिनात ४०० आहेत. उरलेल्या तीनशेंचे काय करायचे हेच जेथे ठरत नाही, तेथे आणखी ८० विकत घेऊन काय साधणार?

भोस्ते घाटात किंवा परशुराम घाटात गाडीला गरज असते ती ताकदीपेक्षा ब्रेकची, चांगल्या टायरची आणि शुद्धीवर असलेल्या चालकाची. १९ मार्च २०१३ रोजी जगबुडीच्या पुलावरून बस कोसळून ३७ माणसे गेली, हे खेडला कोणी नव्याने सांगायला नको. या रस्त्यावर गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती किती अंतरात थांबते, याला किंमत आहे.

सायलेन्सर आणि हरवलेला ‘कॅट’

आता सायलेन्सरकडे वळू. टर्बो गाडीत मागचा डबा बदलल्याने ताकद जवळजवळ वाढत नाही, आवाज तेवढा वाढतो. खरा फरक पडतो तो टर्बोला लागून असलेला पाईप, म्हणजे डाऊनपाईप मोकळा केल्याने. त्याच पाईपमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मिस्त्री लोक त्याला ‘कॅट’ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे नियम आले. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणीही बसू लागली. मोकळा पाईप म्हणजे बहुतेक वेळा हा कॅट किंवा ही गाळणी काढून टाकणे.

येथे आम्ही ग्राहकाला एकच प्रश्न विचारायला सांगू. काढलेला कॅट कुठे गेला? त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात आणि भंगारातही त्याला चांगला भाव येतो. काम स्वस्तात करून देतो म्हणणारा कधी कधी तुमच्याच मालावर नफा कमावतो. शिंप्याने उरलेले कापड परत द्यावे, ही जशी रीत, तशीच काढलेला भाग मालकाला परत द्यावा ही गॅरेजची रीत असली पाहिजे. ती वस्तू ग्राहकाची अमानत आहे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आवाज आणि धुराचे नियम मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. पुणे आणि नागपूरच्या पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत.

संयुक्त अरब अमिरातीच्या २०१७ च्या नियमांत आवाज करणाऱ्या गाडीला दोन हजार दिरहम दंड आणि बारा काळे गुण लावलेले आहेत. तेथे आमची मुले मुकाट्याने नियम पाळतात. मग आपल्याच गावात, आजारी माणसाच्या खिडकीखाली, शाळेसमोर किंवा कशेडीच्या बोगद्यात तोच आवाज काढण्याची हौस का व्हावी? परक्याच्या दारात अदब आणि स्वतःच्या दारात दांडगाई, हे काही शोभत नाही.

दुसरी बाजू

ट्यूनिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणतात, कंपनी स्वतःच एकच इंजिन दोन ताकदींत विकते. हे खरे आहे. लँड रोव्हरचेच तीन लिटरचे डिझेल इंजिन ३०० आणि ३५० अशा दोन अश्वशक्तींत विकले गेले आहे. परंतु कंपनी ३५० चा शिक्का मारते तेव्हा ती हमीही ३५० ची देते आणि चाचणीही तेवढ्याची करून घेते. ट्यूनिंगवाला शिक्का मारतो, हमी मात्र देत नाही. हा फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागू नये.

कोणी म्हणेल, संगणकातले लिखाण कोणाला दिसते? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. धूर-चाचणीच्या वेळीच शहाण्यासारखे वागणारे लिखाण त्या कंपनीने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत घातले होते. एवढ्या बलाढ्य कंपनीचे लपले नाही. कंपनीचे वर्कशॉप गाडीला यंत्र लावते तेव्हा बदललेली फाईल सहसा ओळखू येते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाचे कारण दाखवून विमा कंपनीही हात वर करू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. एवढा कर भरून घेतलेल्या मालाची हमी दोन-तीन लाखांच्या हौसेपायी घालवणे हा कोणता व्यवहार?

कारीगरांसाठी

आता आमच्या गॅरेजवाल्या भावांशी बोलू. हे काम सोडा म्हणणे सोपे आहे. मग पोट कशावर भरायचे, हेही सांगितले पाहिजे.

या गाड्या येथे येतात, पण त्यांचे वर्कशॉप येथे नाही. बिघाड झाला की ट्रकवर चढवून त्या मुंबई किंवा पुण्याला न्याव्या लागतात. वॉरंटी संपलेल्या गाडीचा मालक जवळच्या विश्वासू हाताच्या शोधात असतो. धंदा तेथे आहे. चांगले स्कॅनर घ्या आणि दोष वाचायला शिका. स्टार्टर-जनरेटर पट्ट्यावर चालत असेल तर तो पट्टा आणि त्याचा ताण देणारा पुली वेळेवर तपासा. ब्रेक, टायर, कूलंट आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर सांभाळा. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत सायलेन्सर सडतो. त्याला टिग वेल्डिंगने चांगल्या स्टेनलेस स्टीलचा जोड द्या, पण कॅट आणि सेन्सर जागच्या जागी ठेवा. वेल्डिंगपूर्वी १२ आणि ४८ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या कंपनीच्या पद्धतीने अलग करा, नाहीतर एका ठिणगीत लाखाचा संगणक जातो.

४८ व्होल्टचा शॉक सहसा जीवघेणा नसतो, पण शॉर्ट झाला तर पाना वितळेल एवढा प्रवाह त्यात असतो. मोठ्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर शेकडो व्होल्ट असतात. तेथे शिकल्याशिवाय हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेत ऑटोमोबाईलचे शिक्षण दीर्घकाळ चालत आले आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या शागीर्दाच्या बोटांत जो अंदाज असतो तो पुस्तकातून येत नाही. परंतु हल्लीच्या गाडीत नुसत्या अंदाजाने भागतही नाही. दोन्ही एकत्र आले तर आमच्या मुलांना तोड राहणार नाही.

आणि पावती द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गॅरेजचे काम ही सेवा आहे. इंजिन फुटले तर ग्राहक तुमच्याकडे बोट दाखवील. फाईल पाठवणारा मात्र फोन उचलणार नाही. ज्या कामाची पावती लिहायला हात कचरतो, ते काम घेऊ नये, हा नियम आमच्या बाजारात जुना आहे. गॅरेजलाही तो लागू आहे.

थोडक्यात सांगायचे तर मालकाने ट्यूनिंगवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ फाईल आणि काढलेला भाग परत देणार का? आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर चाचणी करून दाखवणार का? इंजिन आणि गिअरबॉक्सची लेखी हमी देणार का? तिन्हींना ‘हो’ म्हणणारा भेटला तरी कायद्याचा प्रश्न उरतोच. आणि एकालाही ‘नाही’ म्हणणारा असेल, तर पैसे खिशात ठेवा. त्यातून चार उत्तम टायर आणि ब्रेकचे नवे पॅड घ्या. घरची माणसे गाडीत बसलेली असताना घाटात तेच उपयोगी पडतील. शिवणीतली माया कारखानदाराने वाईट दिवसासाठी ठेवली आहे, ती त्याच दिवसासाठी राहू द्या.